घागरीवरचं दुसरं नाव

लातुरात त्या काळी कुणाच्याही पोराला नाव विचारलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "कुठल्या क्लासला?" या गावाला आधी भूकंपानं हलवलं आणि मग क्लासेसनी, पैकी दुसरा हादरा अजून थांबायचं नाव घेत नाही, असं गंजगोलाईतले व्यापारी हसत म्हणायचे. हदगाव, अर्धापूर, देगलूर, कुठून कुठून पोरं यायची, एकेका खोलीत चौघं-चौघं दाटीनं राहायची आणि दोन वर्षांनी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायला निघून जायची. परक्या गावची जायचीच, पण लातूरचीही जायची. ज्या गल्लीत क्लासच्या पाट्या जास्त, त्या गल्लीत म्हातारी जोडपीही जास्त. हे मात्र कुणी हसत म्हणत नसे.

या सगळ्या पोरांना ताट, पेला आणि डबा लागायचाच, आणि तो घ्यायला ती गोलाईतल्या गुरुलिंगच्या दुकानात यायची. भांडी इतर दहा दुकानांतही मिळत. पण गुरुलिंगकडं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळे, आणि तेही हातानं. बाकीच्यांनी कधीच विजेचं मशीन आणलं होतं. घर्रर्र केलं की झालं नाव, कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं. गुरुलिंग अजून छोटी हातोडी आणि छिन्नी घेऊन बसायचा, ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उठवायचा. त्याचा 'ण' असा देखणा यायचा की बायका मुद्दाम भांडं उलटं करून शेजारणीला दाखवत. आपल्या दुकानातून बिननावाचं भांडं जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट होता. गिऱ्हाईक "राहू द्या हो" म्हणालं तरी हा निदान आडनाव टाकायचाच.

त्याला एकच लेक, मंजुश्री. तिनंही रीतसर दोन वर्षं क्लास केला, मार्कही चांगले पाडले, आणि मग एके दिवशी जेवता जेवता सांगितलं की मला डॉक्टर व्हायचं नाही, मला जुन्या वस्तूंचं जतन शिकायचंय. चित्रं, मूर्ती, पोथ्या, भांडी, काळाच्या ओघात ज्या खराब होतात त्या टिकवायच्या कशा, याचं शास्त्र असतं म्हणे. तिची आई नीलाबाई ताट तसंच ठेवून उठून गेली. गुरुलिंगनं होकार दिला. लेकीचं मन मोडणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. मंजुश्री दिल्लीला गेली, शिकली, आणि आता शेवटच्या वर्षाला जर्मनीतल्या एका मोठ्या संग्रहालयात वर्षभर काम शिकायची संधी तिच्या दाराशी येऊन उभी होती. जगभरातून पोरांनी अर्ज केले होते. गाळून गाळून जी थोडी उरली त्यात लातूरची ही एक.

"म्हंजे गुरुलिंग, डॉक्टरकी सोडून पोरगी परदेशात भांडे घासाया चालली म्हण की!" शेजारचा कापडवाला संगप्पा म्हणाला. "आरं मग आपल्याच दुकानात घासली असती. खामखा इमानाचा खर्च."

गुरुलिंगही हसला. पण ते हसू दुकानाबाहेर गेलं नाही.

उन्हाळ्यात मंजुश्री घरी आली ती शेवटची परीक्षा घेऊनच. संग्रहालयानं प्रत्येकाला एक काम दिलं होतं. आपल्या मुलखातली एक जुनी वस्तू निवडायची, तिचा अभ्यास करायचा, तिला जेवढं गरजेचं तेवढंच करायचं आणि मग कॅमेऱ्यापुढं ठेवून सगळं समजावून सांगायचं. तिला वाटलं, भांडेवाल्याच्या घरी वस्तूंना काय तोटा! तिनं दुकानाच्या माळ्यावर चढून सगळं उलथंपालथं केलं आणि अगदी कोपऱ्यातून, पोत्याखालून, एक तांब्याची घागर काढली. घागर कसली, अर्धी चेपलेली. एका कुशीकडून कुणी वरवंटा घातल्यासारखी आत गेलेली, काळी-हिरवी पडलेली, आणि चेपलेल्या घडीत माती घट्ट बसलेली.

"अप्पा, ही कुठली?"

"भूकंपातली हाय," गुरुलिंग म्हणाला, आणि गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक आल्यासारखा गल्ल्याकडं वळला.

मंजुश्रीनं घरातली वरची खोली अडवली. खिडकीला पांढरा कपडा लावला, टेबलावर मऊ गादीचा तुकडा टाकला आणि घागर त्यावर अशी ठेवली की बाळंतिणीनं पोराला ठेवावं. मग सुरू झालं ते काम बघून नीलाबाईनं कपाळाला हात लावला. काडीला कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर ओला करायचा आणि घागरीवरून असा फिरवायचा की फिरतोय की नाही कळू नये. दिवसभरात बोटाच्या पेराएवढी जागा साफ व्हायची.

"थुकीनं घासून राहिली काय गं ही?" नीलाबाई म्हणाली. "चिंच हाय, राख हाय. तू म्हणशील तर दोन मिंटात लख्ख करून देते."

"अव्वा, चिंचेचं नावही काढू नकोस," मंजुश्री दारात आडवी उभी राहिली. "हा हिरवा थर तिचा आहे. ही माती तिची आहे. ती लख्ख झाली तर तिच्यावर काय गुजरलं ते सगळं पुसून जाईल. जितकं कमी करू तितकं चांगलं. आणि जे करू ते उद्या कुणाला काढून टाकता आलं पाहिजे."

गुरुलिंग आधी दारातूनच बघायचा. मग एक दिवस लेकीनं त्याला हात धरून आत नेलं. सुपारीएवढं एक भिंगाचं यंत्र तिनं घागरीवर टेकवलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर जे उमटलं ते बघायला तो पुढं वाकला. जन्मभर तांब्यातच वावरलेला माणूस तो. पण तांबं असं असतं हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. हिरवे, निळे, काळे थर, एकावर एक, मध्ये लाल चमक, आणि त्या सगळ्यात रुतलेली गवताची एक काडी, अजून पिवळी. भिंतीच्या गाऱ्यातली काडी. एवढी वर्षं झाली आणि ती काडी जशीच्या तशी. गुरुलिंगनं नकळत दोन्ही हात जोडले. आपण हे जन्मभर वजनावर विकलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

"ही आता अशीच राहणार, अप्पा," मंजुश्री म्हणाली. "नीट ठेवली तर शंभर, दोनशे वर्षं. हिला आता कुणी विकणार नाही की वितळवणार नाही. आपण गेल्यावरही ही असेल."

"दोनशे वर्षं?"

"जास्तच."

दोन दिवसांनी घागरीच्या गळ्यावरच्या काजळीखालून अक्षरं वर येऊ लागली. एक 'गु' दिसला, पुढं कुठं 'बा'. मंजुश्रीनं त्याला हाक मारली, दिवा बाजूनं धरला आणि विचारलं, काही वाचता येतंय का? गुरुलिंगनं चष्मा नाही असं सांगितलं. खरं तर ते अक्षर ओळखायला त्याला चष्माच काय, दिवाही लागला नसता. पण काही गोष्टी माणूस माळ्यावर ठेवतो त्या उगाच नाही, आणि लेकीच्या परीक्षेच्या तोंडावर त्या खाली काढायला त्याचं मन धजेना.

कॅमेऱ्यापुढची मुलाखत चार दिवसांवर आली तेव्हा मंजुश्री नांदेडला गेली. तिथल्या विद्यापीठात ओळखीच्या एका सरांना फोटो दाखवून तांब्याबद्दल चार गोष्टी विचारायच्या होत्या. जाताना तिनं आईला बजावलं, त्या खोलीत झाडूसुद्धा मारू नकोस. बापाला काही बजावलं नाही. बापाची भीती वाटावी असं काही नव्हतंच.

दुपारी दुकान बंद करून गुरुलिंग वर गेला. खांद्याला पिशवी होती. त्यानं घागरीपुढं खुर्ची ओढली, बराच वेळ तिच्याकडं बघितलं, मग पिशवीतून हातोडी आणि छिन्नी काढली. घागरीच्या गळ्यावर, जुन्या अक्षरांखाली, तांब्याची एक जागा चांगली गुळगुळीत राहिली होती. टिक, टिक, टिक. बऱ्याच दिवसांत त्याचा हात इतका मन लावून चालला नव्हता. काम झाल्यावर त्यानं फुंकर मारली. हिरव्या-काळ्या गळ्यावर नवी अक्षरं सोन्यासारखी झळकत होती: 'मंजुश्री गुरुलिंग, लातूर'.

संध्याकाळी मंजुश्री आली, चप्पल काढून सरळ वर गेली ती खाली आलीच नाही. नीलाबाई गेली तर पोरगी भिंतीला टेकून खाली बसलेली, तोंडावर दोन्ही हात. नीलाबाईनं घागर बघितली आणि मग ती जी सुटली! "आवो, तुमाला काई कळतं का? पोरीचं नाव, आन त्या भूकंपातल्या भांड्यावर? जग सोडून हेच भांडं घावलं व्हय?"

"मी... मला वाटलं..." मागोमाग वर आलेला गुरुलिंग घागरीकडं वळला. "मंजू, कानस मारून काढतो की गं. दोन मिंटाचं काम."

"हात लावू नका, अप्पा!" ती किंचाळली. जन्मात पहिल्यांदा बापावर. मग हळू आवाजात म्हणाली, "कानस मारली तर तेवढं तांबं कायमचं जाईल. आता हे निघत नाही. आमचा पहिला नियम हाच आहे, वस्तूवर आपली खूण ठेवायची नाही. आणि माझ्या वस्तूवर माझंच नाव आहे."

दुसरी घागर घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायला दिवस उरले नव्हते. संगप्पा रात्री समजूत घालायला आला आणि त्यानं व्यापाऱ्याला शोभेल असा उपाय सांगितला. "कॅमेऱ्याला काय कळतंय? ती बाजू मागं करून ठेव. मी फाटकं ठाण असंच तर दाखवतो." कुणी हसलं नाही. गुरुलिंगला मात्र मनातून तो उपाय पटला. त्या रात्री त्यानं गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा दोनदा केली आणि दोन्ही वेळा एकच मागणं मागितलं, की पोरीनं ती बाजू मागं ठेवावी.

मुलाखतीच्या दिवशी पडद्यावर तीन माणसं आली. मध्ये एक पिकल्या केसांची बाई होती, तिचाच शब्द शेवटचा, एवढं गुरुलिंगला दाराआडून कळलं. मंजुश्री इंग्रजीत बोलत होती, धीटपणे, हातानं दाखवत. थर दाखवले, माती दाखवली, गवताची काडी दाखवली. बाई पुढं झुकून बघत होत्या, मान हलवत होत्या. घागरीची ती बाजू अजून मागंच होती. गुरुलिंग दाराला आणखी चिकटला. संपत आलं. सुटलो.

आणि मंजुश्रीनं दोन्ही हातांनी घागर उचलली आणि सावकाश फिरवली.

नवी अक्षरं कॅमेऱ्यापुढं लखलखली. पडद्यावरची तिन्ही तोंडं पुढं आली. बाईंनी काहीतरी विचारलं, आणि उत्तरात गुरुलिंगला एकच शब्द कळला, 'फादर'. मग मंजुश्रीनं मागं वळून हाक मारली, "अप्पा, इकडं या. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

तो आला. खुर्चीत बसला तो टोकावर, कोर्टात बसल्यासारखा. बाईंनी त्याला नमस्कार केला, हात जोडून. मग मंजुश्रीनं त्यांचा प्रश्न सांगितला: तुम्ही हे का केलंत?

"माझी चूक झाली, असं सांग त्यास्नी," गुरुलिंग म्हणाला. "पोरीचा काई दोष न्हाई."

"ते सांगितलं. का केलं ते विचारतायत. रागानं नाही, अप्पा. खरंच विचारतायत."

गुरुलिंगनं घागरीकडं बघितलं. आणि मग एवढी वर्षं जे कधी नीलाबाईलाही धड सांगितलं नव्हतं ते तो त्या परक्या तोंडांपुढं बोलू लागला, थांबून थांबून, लेकीला इंग्रजी करायला वेळ देत.

"वरचं नाव बी माझंच हाय. म्हंजे मीच घातल्यालं. 'सौ. गुणाबाई हिस मामा शेषेराव यांजकडून.' भूकंप व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात लगीन होतं, किल्लारीकडल्या एका गावात. मामा लई हौशी माणूस. म्हणला, अक्षर असं घाल की पोरीला सासरी मान मिळाला पायजे."

मंजुश्री इंग्रजी करायचं विसरून बापाकडं बघत राहिली. मग भानावर येऊन तिनं सांगितलं.

"मग भूकंप झाला. आमी व्यापाऱ्यांनी टेंपो भरून भांडे नेले वाटायला. तिथं गाव न्हवतंच. नुसते दगड आन माती. जवानांनी माती उपसून जे निघंल ते एका बाजूला टाकलं हुतं. भांड्यांचा ढीग, माणसाच्या डोक्याच्या वर. लोकं येऊन हुडकू लागले, पर वाचता किती जणास्नी येतंय? मंग मला म्हणले, तू वाच. मी एकेक भांडं उचलायचं आन मोठ्यानं नाव वाचायचं. ज्येचं असंल त्यो गर्दीतून म्हणायचा, आमची हाय. कुणी परात घिऊन रडायचं, कुणी तांब्या. घर गेलं, माणसं गेली, पर भांडं घरला आलं म्हणून छातीशी धरायचे. बिननावाचे सगळे मोडीत गेले. कुणाचे हुते, देवाला ठावं."

त्यानं घागरीच्या गळ्यावर बोट टेकवलं.

"त्या ढिगात अर्ध्या भांड्यांवर अक्षर माझं होतं. माझं अक्षर मीच वाचून राहिलो होतो. ही घागर हातात आली. मी नाव वाचलं. गुणाबाई. कुणी बोललं न्हाई. पुन्हा वाचलं. तिसऱ्या खेपंला एक म्हातारा म्हणला, नगं वाचू बाबा, त्या घरचं कुणी न्हाई, मामा बी न्हाई. मंग मी घरला आणली. माळ्यावर ठिवली. मोडीत घालाया हात झाला न्हाई."

बाईंनी हलकेच विचारलं, आणि मंजुश्रीनं ते मराठीत सांगितलं: "मग त्याच घागरीवर माझं नाव का, अप्पा?"

गुरुलिंगचं बोट जुन्या नावावरून खाली नव्या नावावर आलं.

"आमच्या गावचे पोरं जातात," तो म्हणाला. "शिकतात, लई मोठे होतात, आन तिकडलेच होतात. आमच्या गल्लीत ज्या घरी बघावं त्या घरी दोनच ताटं. ही बी जाणार. आडवू का? एवढा मोठा मान मिळून राहिलाय तिला, मी कोण आडवणार? पर मला भ्या वाटलं. आन हीच म्हणली हुती, ही घागर आता कुणी विकणार न्हाई, मोडणार न्हाई, आपण गेल्यावर बी राहणार. माझ्या दुकानात हजार भांडे हायेत, सगळे विकायचेच. न विकायचं हे एकच निघालं. म्हणून नाव ह्याच्यावर घातलं. पोरगी न्हाई आली, तर पोरीचं नाव तरी घरात राहील."

बाई थांबल्या. मंजुश्रीनं मान खाली घातली, ओढणीनं डोळे पुसले आणि मग अगदी दोन-चार शब्दांत काहीतरी सांगितलं. एवढ्या लांबलचक बोलण्याचं इंग्रजी एवढं आखूड कसं, हे गुरुलिंगला कळेना. पण बाईंना पुरलं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी मंजुश्रीला शेवटचा प्रश्न विचारला आणि तिनं उत्तर दिलं. काय विचारलं ते तिनं नंतर सांगितलं. हे दुसरं नाव काढणं तुमच्या हातात असतं तर तुम्ही ते काढलं असतं का? ती म्हणाली होती, नाही. हे घागरीला झालेलं नुकसान आहे आणि मी तसंच लिहीन, कुणी केलं तेही लिहीन. पण काढणार नाही. माती तिची आहे तसं हेही आता तिचंच आहे. बाईंनी सहकाऱ्यांकडं बघितलं, आणि निकाल कळवायची रीत नसतानाही त्या म्हणाल्या की ऑक्टोबरात आमच्याकडं थंडी पडते, गरम कपडे घेऊन या.

पडदा काळा झाला. खाली संगप्पाचा आवाज येत होता, काय झालं म्हणून विचारणारा, आणि नीलाबाईचा त्याला गप्प करणारा. वर दोघं तसेच बसून राहिले. मंजुश्रीनं ते सुपारीएवढं यंत्र घागरीच्या गळ्यावर टेकवलं आणि लॅपटॉप बापाकडं वळवला.

पडद्यावर ठिपके उमटले. एकेक ठिपका वाटीएवढा. वर जुने, कडा झिजलेले, तळाशी हिरवे. खाली नवे, लाल, आतून चमकणारे. मधली सगळी वर्षं त्या दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मावली होती. वरच्या ठिपक्याची डावी बाजू खोल आणि उजवी उथळ, खालच्याचीही तशीच. हात तोच. त्याच हातानं एकदा नवरीचं नाव घातलं होतं, आणि तोच हात अजून चालत होता. आपला हात एवढा जुना आहे हे गुरुलिंगला आज कळलं. त्याला देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

त्यानं घागर उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि त्याच्याही नकळत त्याच्या गळ्यातून तो जुना आवाज निघाला, गर्दीवरून पलीकडं पोचावा असा मोठा, सुटा सुटा.

"गुणाबाई..."

मग मंजुश्रीनं हात पुढं केले.

"आमची हाय," ती म्हणाली.